काडीच्या मापाचं स्टेशन

पोळा झाला की आमच्या घरातल्या काड्यापेट्या गायब व्हायला लागतात. आधी गॅसजवळची जाते, मग देवघरातली. शोधायला कुठे जायचं ते मला पाठ आहे. ओसरीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून बसलेले असतात आणि पुढ्यातल्या पेपरावर काड्या पसरून त्यांची भरती चाललेली असते. सरळ, भरल्या अंगाच्या, पूर्ण लांबीच्या काड्या उजवीकडे. वाकड्या, चिरफळलेल्या, मध्येच बारीक झालेल्या डावीकडे. डावीकडच्या मला स्वयंपाकघरात परत मिळतात. वर्षभर नापास काड्यांवर चूल पेटवणारं परतुरात आमचं एकच घर असेल.

दिवसही तेव्हा मोठे गोड असतात. मूग-उडीद घरात येऊन पडलेले असतात, कपाशीला पाती लागलेली असतात, आणि पावसाचा कारभार मनमोकळा झालेला असतो. सकाळभर लख्ख ऊन, दुपारी आलीच तर एखादी सर. धान्याच्या मोंढ्यावरून शाळेत जाताना नव्या मुगाचा हिरवट, जरासा धुळकट वास येतो. तो आला की महालक्ष्म्या जवळ आल्या हे कॅलेंडर न बघता कळतं. आणि मला दरवेळी तोच एक भाद्रपद आठवतो, नव्वदीच्या सुरुवातीचा, छोटी लाईन उखडून मोठी लाईन टाकत होते तेव्हाचा.

आमच्याकडची रेल्वे तोवर मीटरगेज होती. लोक तिला छोटी लाईन म्हणत. डबे अरुंद, इंजिन कोळशाचं, आणि वेग असा की चालत्या गाडीतून उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटून परत चढता येतं, असं जो तो सांगायचा. केलेलं मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. मामंजी त्या लाईनीवर सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते केबिनमधला लोखंडी दांडा ओढून ठरवायचं, हे त्यांचं काम. परतूरपासून थोड्या अंतरावरच्या एका बारक्या स्टेशनावर त्यांची बावीस वर्षं गेली. आमच्या घरात त्या स्टेशनाचं नाव कुणी घेतच नसे. नुसतं ‘टेसन’ म्हटलं की तेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी परतुरात घर बांधलं आणि त्याच घरात मी लग्न होऊन आले.

माझं माहेर हसनाबादचं. तिकडे रेल्वे नाही. मी गाडी जवळून पाहिली ती थेट जालन्याला कॉलेजात गेल्यावर. सासरी आले तर रोज जेवताना ताटाशेजारी एक स्टेशन वाढलेलं. इंजिनात पाणी भरायची सोंड कशी गळायची, मालधक्क्यावर कापसाच्या गठाणींवर कोण झोपायचं, लाईन क्लिअरची घंटा म्हणजे रुळाचाच टांगलेला तुकडा कसा होता. मी गणिताची मास्तरीण. मला वाटायचं, हे सगळं एकदा कागदावर नीट मांडावं आणि विषय मिटवावा. माणसं सुनेला घरच्या चालीरीती शिकवतात, मला यांनी सिग्नल शिकवले.

आमच्या भागात महालक्ष्म्यांपुढे आरास करतात. मुखवटे उभे राहिले, जरीची पातळं नेसवून झाली, शेजारी पिलवंडं, म्हणजे त्यांची लेकरं, बसली, वरून करंज्या-पापड्यांचा फुलोरा लटकला, की पुढची जागा आराशीची. कुणी शेत मांडतं, कुणी विहीर आणि मोट, कुणी लग्नाची वरात. हळदीकुंकवाला येणाऱ्या बाया कुंकू लावून घेता घेता आराशीवर नजर फिरवतात, आणि ती नजर कशी असते ते ज्यांनी आरास मांडली त्यांनाच ठाऊक. आमच्याकडे आरास ठरवायचा हक्क आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा. त्यात पुरुषाने नाक खुपसायचं नाही असा रिवाज. पण त्या वर्षी चैत्रातच मामंजींनी जेवता जेवता सांगून टाकलं की यंदा लक्ष्म्यांपुढे टेसन मांडायचं. पावसाळा सरला की ते पाडणार होते, नवं मोठं स्टेशन शेजारीच उभं राहत होतं. आत्याबाई वाढता वाढता थांबल्या, त्यांच्याकडे पाहिलं आणि ‘मांडा’ म्हणाल्या. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं मापं घ्यायला गेलो. ते आणि मी. आमचे हे जालन्याला बियाण्याच्या कंपनीत, त्यांना सुट्टी नव्हती, आणि वही-पेन धरायला गणिताचं माणूस हवं असं मामंजींचं म्हणणं. मी शाळेतला मोठा टेप घेतला होता. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि माझ्या पिशवीत परत ठेवला. त्यांच्याकडे सुताची दोरी होती. सहा सहा फुटांवर गाठी. छोट्या लाईनीचं स्लीपर, रुळांखालचं आडवं लाकूड, सहा फूट लांब, म्हणून एक गाठ म्हणजे एक स्लीपर. त्यांच्या तोंडी सिलीपाट. सगळं आयुष्य त्यांनी सिलीपाटांत मोजलं होतं. इमारत इतके सिलीपाट लांब, केबिन तितके सिलीपाट रुंद. दूरची अंतरं तर दोरीशिवायच, रुळावरून चालत, पावलाखाली एकेक सिलीपाट मोजत. उंचीला दोरी पोचत नव्हती, तर भिंतीच्या दगडांचे थर मोजले आणि एका थराची उंची माझ्याकडून गुणून घेतली. माझ्या वहीत हळूहळू यादी तयार झाली: इमारत, केबिन, पाण्याची टाकी, सोंड, मालधक्का, दिवाघर, फाटक, फाटकवाल्याची खोप, बुचाचं झाड, बाक दोन. प्रत्येकाला नंबर. यादी करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

दुपारी सावली शोधत फिरलो. पाडापाडीला सुरुवात झालीच होती. रुळांच्या पलीकडे विटा, कौलं, मोडक्या चौकटी असा मोठा ढीग पडला होता आणि त्यावर लिंबाची सावली होती. आम्ही तिथेच विटांवर बसून भाकरी सोडली. मामंजींनी अर्धीच भाकरी खाल्ली. मी विचारलं, उन्हाचं होतंय का. ते म्हणाले, न्हाई. एक विटेचा तुकडा उचलून हातात फिरवत बसले. मी तोवर वहीतले आकडे पुन्हा तपासत होते आणि मनातून खूश होते, कारण एकही माप सुटलं नव्हतं.

घरी आल्यावर खरं भांडण पेटलं ते प्रमाणावरून. मी म्हटलं, एकास पन्नास धरू. हिशेब सोपा, दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. ते ऐकून घेत राहिले आणि मग खिशातली काड्यापेटी काढून एक काडी त्यांनी माझ्या वहीवर ठेवली. म्हणाले, हे सिलीपाट. आता सगळं ह्याच्यावरनं. एक काडी म्हणजे सहा फूट. मी मोजून पाहिलं. प्रमाण एकास त्रेचाळीस आणि वर काहीतरी अपूर्णांक येत होता. मी सांगितलं की असं जगात कुणी करत नाही. ते म्हणाले, जगाला करायचं तरी कुठंय, आपल्याला करायचंय. मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी गुपचूप काडीचं कोष्टक तयार केलं, पाव काडी म्हणजे दीड फूट, दोरा गुंडाळून तिचे चार भाग केले, आणि मग लक्षात आलं की हे भलतंच सोपं आहे. माणूस बरोबर एक काडी उंच. मामंजी जरा कमी, पण ते मी बोलले नाही. आजही सातवीला गुणोत्तर शिकवताना मी हातात काडी घेते, आणि मागच्या बाकावरच्याही मुली मान वर करतात.

त्यानंतरचे ते तीन महिने. आयुष्यात सुखाचे दिवस मोजायला बसले तर मला लग्नाचा, मुलीच्या जन्माचा दिवस आधी आठवायला हवा, पण आठवते ती ओसरी. बाहेर पाऊस लागलेला, शाळेतून येऊन पदर खोचून मी खाली बसलेली, आणि समोर मामंजी. आम्ही फार बोलत नव्हतो. बाभळीचा डिंक वाटीत भिजलेला असायचा, त्याचा तो आंबूस वास अजून नाकात आहे. भिंती वह्यांच्या पुठ्ठ्याच्या. त्यांच्यावर डिंकात कालवलेला चाळलेला मुरूम थापायचा आणि ओला असतानाच दाभणाने दगडांच्या रेघा ओढायच्या, थर मोजून. बावीस म्हणजे बावीस. मी एकदा एकवीसच ओढले, त्यांनी ती भिंत बाजूला ठेवली आणि नवा पुठ्ठा कापायला घेतला.

कौलांना त्यांनी ज्वारीच्या धांडाची साल चिरून गेरूत बुडवली. धांडाच्या आतला पांढरा भेंड ही माझी विद्या. लहानपणी हसनाबादला आम्ही त्याच्या बैलगाड्या करायचो, चाकं-जुवासकट. त्या भेंडातून मी मालधक्क्यावरच्या कापसाच्या गठाणी कापल्या, फाटकाचा दांडा केला, बाकं केली. रूळ म्हणून सायकलचे आरे. एक आरा बोटभर कापला की आमच्या मापात बरोब्बर एका रुळाएवढा व्हायचा, हे मामंजींनी शोधलं तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की ते चहा मागायलासुद्धा विसरले. काड्यांचं गुल काढून त्या जळक्या ऑइलात बुडवायच्या, वाळवायच्या आणि अंतर राखून एकेक चिकटवायच्या. इंजिनाच्या कोळशाचा ढीग म्हणून आत्याबाईंच्या डब्यातलं कारळं. ते घेतलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की चटणीपुरतं ठेवा. बाकी त्या तीन महिन्यांत आमच्या कामाकडे त्या फिरकल्या नाहीत. जाता-येता पाहायच्या, इतकंच. बायकांच्या आराशीत नवऱ्याने ढवळाढवळ केली म्हणून रुसल्या असतील, असं मी धरून चालले होते.

गाडी मात्र नव्हती. घरात सगळ्यांनी विचारलं, गाडी कुठंय. आमच्या ह्यांनी जालन्याहून चावीचं इंजिन आणू का म्हणून विचारलं. मामंजी म्हणाले, गाडी आत्ताच गेली.

माप मोडायचं नाही म्हटल्यावर पंचाईत झाली ती सिग्नलची. इमारत, धक्का, केबिन, रुळाचा एक तुकडा एवढं माजघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत मावत होतं. पण जवळचा सिग्नल हिशेबाने उंबऱ्याबाहेर अंगणात जात होता, आणि आउटर सिग्नल? तो मोजत मोजत मी गल्ली ओलांडून समोरच्या काकूंच्या गोठ्यात पोचले. मी म्हटलं, मामंजी, जरा अलीकडे घेऊ, कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे काकूंकडे परवानगी मागायला गेले. काकूंना आउटर म्हणजे काय ते कळलं नाही, पण लक्ष्म्यांचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी गव्हाणीशेजारची जागा दिली. सिग्नल मी मन लावून केला होता. ताज्या ज्वारीच्या ताटाचा खांब, भेंडाचा हात, हाताला लाल रंग. चाचणी म्हणून संध्याकाळी रोवून आले. सकाळी जाऊन पाहते तर जागेवर फक्त भोक. काकूंची म्हैस शांतपणे रवंथ करत होती. मी तिला वैरणच रोवून दिली होती. मामंजींना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, मंग आता गाडी बराबर आत येऊन राह्यली, आडवायला कोण हाय. नवा खांब पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काठीचा केला, तोही गव्हाणीपासून चार हात लांब.

गणपती बसले त्या दुपारी आम्ही सगळं पहिल्यांदा माजघरात जोडून मांडलं. लक्ष्म्या यायला अजून दोन दिवस होते. दारं उघडी होती, बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं, आणि त्या उजेडात ते स्टेशन असं दिसत होतं की मी स्वतःच जमिनीवर गाल टेकवून धक्क्यावरून पाहिलं. खरंच कुणी तिकीट काढून बाहेर येईल असं वाटलं. मामंजी भिंतीला टेकून उभे होते, हात मागे बांधून, ड्युटीवर असल्यासारखे. मी आत्याबाईंना हाक मारली.

त्या हात पुसत आल्या. आधी उभ्यानेच पाहिलं, मग खाली बसल्या. इमारत पाहिली, केबिनच्या खिडकीत वाकून पाहिलं, बुचाच्या झाडाला बोट लावलं. सोंडेपाशी त्या किंचित हसल्याही. मग धक्क्याच्या पलीकडे, जिथे रूळ भिंतीकडे जात होते आणि पुढे नुसती रिकामी फरशी होती, तिथे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“सगळं बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “माझं घर कुठंय पण?”

मला क्षणभर कळलंच नाही. मामंजी म्हणाले, क्वार्टरं तर उन्हाळ्यातच पाडली. त्यावर त्या म्हणाल्या, टेसनही पाडूनच राह्यलेत, ते मांडलं ना. मामंजींनी घसा साफ केला आणि म्हणाले की गाडीला ज्याचं ज्याचं काम पडतं तेवढं घेतलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि आपण काय बोललो ते त्यांना लगेच कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

आत्याबाईंचा आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नाही. “बावीस वर्षं ह्या लक्ष्म्या त्या खोलीत जेवल्या,” त्या म्हणाल्या. “मी त्यांना हातात घेऊन खोलीभर फिरवल्तं, ही चूल, ही कोठी म्हणून. आता त्यांच्याम्होरं टेसन मांडायचं अन् त्यांचं घर न्हाई ठेवायचं? मला न्हाई जमायचं. मंग नकाच मांडू.”

आणि त्या उठून आत गेल्या. त्या आत डाळ निवडत होत्या, त्याचा आवाज मला येत होता. मी वही उघडली. दहा नंबर, सुंदर अक्षरात. सांधेवाल्यांचं क्वार्टर त्यात नव्हतं, आणि यादी माझी होती. मामंजी तर बोलून चालून रेल्वेचं माणूस, पण मी त्या घरची सून. ज्या खोलीत माझा नवरा रांगायला शिकला त्या खोलीचं माप घ्यायचं मला सुचलं नव्हतं. आणि तेवढ्यात मला तो विटांचा ढीग आठवला, लिंबाखालचा. ती अर्धी भाकरी आठवली. मामंजींकडे पाहिलं तर ते ओसरीवर जाऊन बसले होते, पाठ आत करून. मला भयंकर लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं रडू आलं.

मी वही घेऊन आत्याबाईंजवळ गेले. म्हटलं, मापं तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, मला कशाची मापं येतेत, मी काय टेप घेऊन नांदले का. म्हटलं, बाजा किती मावायच्या ते तर माहीत असेल. त्यांनी डाळीतून हात काढला आणि जरा विचार करून सांगितलं की दोन बाजा शेजारी शेजारी टाकल्या की मधून माणूस तिरपं होऊन जायचं. बाज सहा फुटांची. म्हणजे बरोबर एक काडी.

मग मात्र मापं अशी यायला लागली की लिहिताना माझा हात पुरेना. दारापासून लिंबापर्यंत दोरी होती, तिच्यावर नऊवारी लुगडं एकपदरी टाकलं की टोक बरोबर खोडाला टेकायचं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, साडेचार काड्या. चुलीपुढे बसून हात लांबवला की मागच्या दाराची कडी लागायची. मी शिवणाची टेप आणून त्यांना पाटावर बसवलं, हात लांब करायला लावला आणि माप घेतलं. खिडकीत पाच तांबे ओळीने राहायचे, सहावा पडायचा. एकदा पडला होता. उतरंडीचं नववं मडकं छताच्या वाशाला घासायचं. जमीन सारवायला सकाळी एक आणि दुपारी एक अशी दोन घमेली शेणाचा काला लागायचा, त्यावरून मी जमिनीचं क्षेत्रफळ काढायचा प्रयत्न केला आणि तो, कबूल करते, बाजांच्या हिशेबाशी बऱ्यापैकी जुळला. घरात फिरून फिरून, उभं राहून, वाकून, हात पसरून आत्याबाईंनी सगळं क्वार्टर मला आमच्या स्वयंपाकघरात उभं करून दाखवलं. हे सांगताना त्या दोनदा हसल्या. गाडी गेली की मांडणीतल्या पितळ्या कशा वाजायच्या, आणि मालगाडी आहे की प्यासिंजर ते त्यांना पितळ्यांवरूनच कसं कळायचं, हे त्यांनी मला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. इतकी वर्षं जेवताना टेसन वाढलं जायचं, पण ते नेहमी मामंजींच्या हातचं असायचं.

ते घर आम्ही दोघींनी बांधलं. आत्याबाईंचा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ. भिंतींना त्यांनी मुरूम लावू दिला नाही, खडूची भुकटी भिजवून पांढरा हात दिला आणि खालून बोटभर गेरूचा पट्टा काढला. आत चूल केली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. दिसणार नाही म्हटलं तर म्हणाल्या, लक्ष्म्यांना दिसंल. मामंजी मधून मधून पाणी प्यायला आत यायचे. दोन दिवसांत त्यांना फार तहान लागली. एकदा उभे राहून म्हणाले, खिडकीला गज होते. आत्याबाई वर न बघता म्हणाल्या, किती. त्यांना आठवेना. त्या म्हणाल्या, चार. मामंजी पाण्याचा तांब्या तसाच ठेवून निघून गेले, आणि थोड्या वेळाने टाचणीचे चार तुकडे कापून माझ्या हातात देऊन गेले.

आता माझी मुलगी विचारते, एवढं काय त्यात. तिला ते दरवर्षी पेटीतून निघणारं जुनं खेळणं वाटतं, आणि गाडी हवीच असा तिचा हट्ट आहे. लांबून मोठ्या लाईनीवरून एक्सप्रेस जाते तेव्हा आमच्याही मांडणीतलं स्टील थरथरतं. पण आता ते ऐकून मालगाडी की प्यासिंजर हे आत्याबाईंना ओळखता येत नाही. आवाज बदलला म्हणतात. त्याचं त्यांना वाईट वाटतं असं नाही, नुसतं सांगतात. मामंजींना तर तसंही कमीच ऐकू येतं. ओसरीवर त्यांच्या काड्या निवडून होतात आणि आत्याबाई त्यांनी डावीकडे टाकलेल्यांतली एखादी उचलून म्हणतात, ही चांगलीय की. त्यावर अर्धा तास जातो.

त्या वर्षी लक्ष्म्या यायच्या दिवशी दुपारी घर तयार झालं. संध्याकाळी पावलं काढून त्यांना आत आणायचं होतं, त्याआधी आरास पुरी व्हायला हवी. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. आत्याबाईंनी ते घर ताटलीत ठेवून दोन्ही हातांनी माजघरात आणलं. आणि मग आम्ही दोघी थबकलो, कारण ठेवायचं कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं. धक्क्यापासून लांब होतं एवढं खरं. पण किती लांब? माझ्या वहीत नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, मी कव्हा गेल्ते केबिनकडं, मला काय ठावं. मी अंदाजाने भिंतीजवळ एक जागा दाखवली. त्यांना ती पटली नाही, पण दुसरी सुचेना.

मामंजी दारात उभे होते. ते आत आले, गुडघ्यावर हात टेकून हळूच खाली बसले आणि केबिनपाशी रुळावर बोट ठेवलं. मग एकेका काडीवर बोट टेकवत ते सरकायला लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. धक्का संपला, सोंड गेली, ते बसल्या बसल्याच पुढे सरकत राहिले. घाई केली नाही, थांबलेही नाहीत. मी दिलेल्या जागेच्या बऱ्याच अलीकडे एका काडीवर त्यांचं बोट थांबलं.

“हितं,” ते म्हणाले. “केबिनपासून एकशे बारा सिलीपाट.”

मी विचारलं, हे माप कधी घेतलं, आपण गेलो तेव्हा तर नव्हतं घेतलं. ते माझ्याकडे बघून बोलले नाहीत. “घेतलं कुठंय. ड्युटी सुटली की रोज मोजतच यायचो. मोजलं की घर किती राह्यलं ते कळतं.”

 आत्याबाईंच्या हातात ताटली तशीच होती. त्या खाली बसल्या, घर उचलून त्यांनी त्या काडीच्या शेजारी ठेवलं, दार रुळाकडे करून, आणि सरळ केलं. मग रुळाकडे बघत म्हणाल्या, “एकशे तेरा.”

मामंजींनी मान वर केली.

“दाराची पायरी सोडली तुम्ही,” त्या म्हणाल्या. “माझा थोरला पोटात होता तव्हा, मला खाली पाय पोचंना म्हणून तुम्हीच जुनं सिलीपाट वढून आणून टाकल्तं.”

मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले, बायकोकडे, मी त्यांना तसं बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी खिशातली काड्यापेटी काढली. पेटी उलटी करून सगळ्या काड्या तळहातावर घेतल्या, बराच वेळ निवडून त्यातली एक घेतली, तिचं गुल नखाने मोडलं आणि ती दारापुढे आडवी ठेवली. आत्याबाईंनी करंगळीच्या टोकाने तिला हळद लावली, कुंकू लावलं, आणि पुरण लागतंय म्हणत आत गेल्या.